बोल्टचा रंग मनगटात

माझ्या उजव्या मनगटावर आता काय आहे ते आधीच सांगते, म्हणजे ज्यांना किळस येते त्यांना इथूनच परत फिरता येईल. आतल्या बाजूला बोटभर लांबीचा, खोलगट, चकचकीत कातडीचा पट्टा आहे. त्याच्या कडेला काही पिवळे ठिपके उरलेत. त्यांच्याखाली नस आहे म्हणून डॉक्टरांनी ते काढले नाहीत. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं बोट पूर्ण वळत नाही. हे कुणी माझ्यावर लादलं नाही. भर दुपारी, शुद्धीत, हसत हसत करून घेतलं.

औषधं चालू होती तेव्हा मी मोबाइलवर पुष्कळ शोधलं. एक तर डॉक्टरी भाषा सापडायची, नाही तर सुंदर सुंदर मनगटांचे फोटो. माझ्यासारखं मनगट कुणी टाकत नाही. म्हणून मी लिहायला बसले. यात सल्ला कमी आणि राग जास्त असेल. आजारानं माणूस शहाणं आणि शांत होतं म्हणतात, मी काही झाले नाही.

आमच्या लाइनवरचा मार्कर

चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कंत्राटावर होते. दापोडीहून कंपनीची बस पकडायची. आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच. काम सोपं आणि जीव काढणारं: हवेच्या गननं बोल्ट आवळायचा आणि आवळला की त्यावर पिवळ्या पेंट मार्करनं बरोबरची खूण करायची. खूण नसेल तर माल पुढे जात नाही आणि सुपरवायझर सगळ्यांसमोर उद्धार करतो. दिवसभर तेच करून करून घरी डब्याची झाकणं लावतानासुद्धा माझा हात खूण करायला उचलला जायचा.

त्या रंगाचं आम्हाला भारी कौतुक होतं. तेलानं जात नाही, डिझेलनं जात नाही. नखाला लागला तर नख वाढून कापेपर्यंत राहतो.

कंत्राटावरच्या बायकांना ठरावीक काळानं ब्रेक देतात. ब्रेक म्हणजे घरी बसवतात, आणि परत बोलावतील की नाही ते सांगत नाहीत. आमच्या चौघींचा ब्रेक एकदमच आला. रोज एका डब्यात जेवणाऱ्या बाया, आता कोण कुठं जाईल कुणास ठाऊक. तेव्हा पूजाच्या डोक्यात आलं. पूजा लातूरकडची, चाकणलाच खोली करून राहायची. रील बघून बघून तिनं स्वतःच्या घोट्यावर सुईनं चांदणी टोचून घेतली होती आणि ती छान बसली होती. तेवढ्यावर ती आमच्यात कारागीर ठरली.

"चौघींच्या हातावर एकच खूण करू," ती म्हणाली. "आपली लाइनवरची. आन् काळी शाई तर सगळं जग घालतंय, आपण आपला रंग घालू."

एकीनंही नाही म्हटलं नाही. लोखंडावर टिकतो म्हणजे कातडीत टिकेलच, एवढंच आमचं गणित. ज्या रंगानं दिवसातून शेकडो वेळा 'ओके' म्हणायचं, तो वाईट असेल असं मनातच येत नाही. आणि खूण ज्या हातानं करतो त्याच हातावर हवी, म्हणून उजवा हात. हेही ठरवलं आम्हीच.

पूजाच्या खोलीवर चहा झाला, फरसाण झालं. शिवणाची सुई तिनं दोऱ्यानं पेन्सिलीला बांधली होती. बाटलीच्या झाकणात मार्करचं टोक दाबून रंग काढला. तो घट्ट व्हायला लागला तशी त्यात नेलपॉलिश रिमूव्हर घातला. सुई प्रत्येकीनंतर सॅनिटायझरनं पुसली आणि मध्ये मध्ये ग्लासातल्या पाण्यात बुडवली. पाणी खोलीच्या टाकीतलं. सुई एक, हात चार.

"दुखतंय का गं, नीता?"

"मुंगी चावल्यासारखं होतंय."

"मग मुंगीच समज आणि गप बस."

हसलो आम्ही. फोटो काढले. बाकी तिघींचं पुढे काय झालं असं सगळे विचारतात. एकीला थोडं खाजलं, दुसरीचा रंग फिका पडला, पूजाचं तर झकास बसलं. मला सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच.

सासूबाईंचं गोंदण

घरी आम्ही चौघं. मी, नवरा संतोष, आमची चार वर्षांची ओवी आणि सासूबाई. संतोष भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. सासूबाई मूळच्या मावळातल्या. त्यांच्या हनुवटीवर हिरवे ठिपके आहेत आणि कोपरापासून मनगटापर्यंत गोंदलेलं तुळशीवृंदावन. मला वाटलं होतं ओरडा बसेल. त्या उलट खूशच झाल्या.

"बाईच्या अंगावर गोंदान पायजेच," त्या म्हणाल्या. "वर जाताना दागिना काढून घेत्यात, गोंदान कुनी काढून घेत न्हाई."

मनगट सुजलं तेव्हाही त्यांना काही वाटलं नाही. "सुजनारच की. आमच्या येळला गोंदारीन यायची, काजळ नि सुई घिऊन. सुजायचं, बसायचं. दवाखाना कुनाला ठावं व्हता?"

त्यांनी हळद-तेल लावलं. मग एरंडाचं पान गरम करून बांधलं. मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी ऐकलं. त्यांच्या हातात काजळ गेलं होतं, माझ्या हातात लोखंडाचा रंग, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही. आणि काजळसुद्धा काही औषध नव्हे. ज्यांचे हात तेव्हा नासले असतील त्या बायका माझ्या सासूबाईंना सांगायला थोड्याच आल्या असतील.

पुढे ताप चढला. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, इंजेक्शन दिलं. त्यांना मी 'काही तरी चावलं असेल' असं सांगितलं. लाज वाटली, दुसरं काय. एका सकाळी ओवीची वेणी घालायला गेले तर बोटं मिटेनात. मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ चढली होती. संतोषनं ती पाहिली आणि गाडीची किल्ली घेतली.

"काय घातलंय यात?"

मोठ्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टर मुलीनं माझा हात उजेडात धरला.

"काय घातलंय यात?"

"पेंट."

"कसला पेंट?"

"बोल्टवर मारतात तो."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग संतोषच्या. मग मागे वळून कुणाला तरी हाक मारली, "सर, हे जरा बघायला या." सर आले, सरांबरोबर आणखी चार पोरंपोरी आली. सगळ्यांनी वाकून पाहिलं. त्यांचं काही चुकलं नाही, शिकायचं असतं त्यांना. पण मी तापानं फणफणले होते, पू वाहत होता आणि मला कुणी तरी आधी 'बसा' म्हणायला हवं होतं.

त्याच दिवशी ऑपरेशन केलं. शुद्धीवर आल्यावर सर्जन आले. मला त्यांना विचारायचं होतं की खूण राहील का. खरंच तेच विचारणार होते, एवढी अक्कल. त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली.

"रंग निघाला तेवढा काढलाय. पण पू खाली बोटांच्या दोऱ्यांपर्यंत गेला होता. आता हात वाचवायचं बघतोय."

हात वाचवायचं. हात जाऊ शकतो हे तोपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलंही नव्हतं. मला बारावीनंतर जे काही येतं ते या हातात आहे. इंग्रजी नाही, कॉम्प्युटर नाही. गन धरायची आणि चुकायचं नाही, एवढंच. तिथून पुढे सगळे महिने मला एकच प्रश्न होता: मूठ वळेल का?

वॉर्ड

वॉर्डात दिवस ड्रेसिंगच्या गाडीनं सुरू होतो. तिचं एक चाक करकरायचं. ती लांब असतानाच मी डाव्या हातानं कॉटची दांडी धरून ठेवायची. ड्रेसिंग करणारा ब्रदर म्हणायचा, "ताई, ओरडायचं तर ओरडा, मला सवय आहे." मी पहिल्या दिवशी ओरडले नाही, स्वतःचा मान राखला. दुसऱ्या दिवशी आख्खा वॉर्ड जागा केला.

उजवा हात बांधलेला असला की बाई किती बिनकामाची होते ते तिथं कळलं. नाडी बांधता येत नाही. केस बांधता येत नाहीत. बाथरूमचं तर सांगतच नाही. जेवायचं डाव्या हातानं. सासूबाई डबा घेऊन आल्या आणि मला डाव्या हातानं घास घेताना पाहून त्यांनी मान फिरवली. भरवते असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही मागितलं नाही.

भरवलं ते शेजारच्या कॉटवरच्या कांताबाईंनी. साखरेनं त्यांच्या पायाचा अंगठा गेला होता आणि तोंड भलतंच तिखट. "आ कर. रंगारीण आलीय मोठी," असं म्हणत वरणभात भरवायच्या. रोज सकाळी माझी घट्ट वेणी घालून द्यायच्या, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. त्या वेणीनं मला वॉर्डात माणसासारखं वाटायचं. माझ्या आधी त्यांना घरी सोडलं, त्या दिवशी मी केस मोकळेच ठेवले.

सुई एक होती आणि हात चार, हे त्या तरुण डॉक्टरीणबाईंना सांगितल्यावर त्यांनी आणखी रक्त घेतलं. काविळीच्या वाईट प्रकारांसाठी आणि एचआयव्हीसाठी. लगेच सगळं दिसत नाही, काही महिन्यांनी पुन्हा तपासावं लागेल असंही सांगितलं. संतोष बाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्यानं तोंड धुतलेलं होतं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी डाव्या हातानं पूजाला फोन लावला.

"पूजा, तुम्ही तिघी पण तपासून घ्या गं. डॉक्टर म्हणतात."

"आम्हाला काय धाड भरलीय? तुझी स्किनच सेन्सिटिव्ह आसंल."

"सुई एकच होती ना आपली."

"मी पुसली होती की. आता माझ्या नावानं बोंबलत फिरू नको, नीता."

त्यानंतर तिनं फोन उचलला नाही. माझे दोन्ही वेळचे रिपोर्ट चांगले आले. तिला कळवायचं माझ्या मनात होतं, मग म्हटलं मरू दे.

टीबीच्या भावकीतला

घरी सोडलं, जखम भरत आली, आणि मग दंडाच्या दिशेनं एकामागे एक गाठी यायला लागल्या. दुखत नव्हत्या. नुसत्या यायच्या, फुटायच्या, वाहायच्या. पुन्हा दवाखाना, गाठीचा तुकडा तपासायला, आणि वाट बघणं. हा जंतू फार सावकाश वाढतो म्हणून उत्तरही सावकाश येतं. मी रोज मूठ वळून बघायची. अर्ध्यावर येऊन थांबायची.

शेवटी डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. हा जंतू टीबीच्या भावकीतला आहे, पण टीबी नव्हे. पाण्यात, मातीत असतो. सुईबरोबर आत गेला. एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. औषधं मात्र बरेच महिने घ्यायची आणि मध्ये सोडायची नाहीत.

संतोषनं घरी जाऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यातला एकच शब्द सासूबाईंनी उचलला. दुसऱ्या दिवशी माझं ताट, वाटी, पेला खिडकीत वेगळे. ओवीचं अंथरूण त्यांच्या खोलीत. ओवी दारात उभी राहून म्हणाली, "आई, आजी म्हणती लांबून बोल."

मी लांबून बोलले. काय बोलले आठवत नाही.

संतोष कामावरून आल्यावर मी त्याला धरलं. "तू सांग ना तुझ्या आईला."

"सांगितलं गं. तिला कळायला वेळ लागेल."

"तोवर मी कुठं बसू? जिन्यात?"

तो बूट काढत राहिला. बूट काढायला माणसाला किती वेळ लागतो? मी डाव्या हातानं ते खिडकीतलं ताट उचललं आणि मोरीत आपटलं. वरच्या मजल्यावरची बाई खाली बघायला आली. तिनं आधीच गल्लीभर केलं होतं की नीतानं कुणाचं तरी नाव गोंदलं होतं, ते घरच्यांनी कापून काढायला लावलं.

त्या आठवड्यात संतोषनं सुट्टी टाकली आणि आईला माझ्याबरोबर डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यादेखत माझ्या गाठीशेजारी मोजा न घालता हात ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, माझ्या घरी पण लहान लेकरू आहे." परत आल्यावर सासूबाईंनी माझं ताट बाकीच्या ताटांत घातलं. ओवी पुन्हा माझ्याजवळ झोपायला लागली, पण बरेच दिवस ती झोपेत हात माझ्यापासून लांब धरायची. ते मी सासूबाईंना माफ केलेलं नाही.

औषधांबद्दल एवढंच, की तोंडाला धातूची चव यायची आणि उठलं की भोवळ. चहा नकोसा झाला. बोटांच्या व्यायामासाठी दवाखान्यातल्या बाईंनी कणीक मळायला सांगितली. तेव्हापासून सासूबाई रोज संध्याकाळी परातीतला एक गोळा बाजूला काढून माझ्यापुढे सरकवायला लागल्या. "घे, दाब," एवढंच म्हणायच्या. मी दाबायची. मळून मळून तो गोळा काळपट व्हायचा, तरी त्याचीच चपाती त्या स्वतःच्या ताटात घ्यायच्या. या बाईचं काय करावं मला समजत नाही.

ज्यांच्या हातात आत्ता सुई आहे त्यांना

तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे. तरी सांगते.

रंग लोखंडासाठी, लाकडासाठी, कागदासाठी बनवतात. कातडीत घालायचा रंग वेगळा असतो. मार्कर, पेनची शाई, प्रिंटरची शाई, जळलेल्या रबराची काजळी, यातलं काहीही आत घालायचं नाही. सॅनिटायझर लावल्यानं सुई स्वच्छ होत नाही. एकीला टोचलेली सुई दुसरीला लावायची नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. टाकीचं पाणी, फिल्टरचं पाणी, कुठलंच पाणी शाईत घालायचं नाही आणि सुईला लावायचं नाही. इतकी हौस असेल तर जिथं पाकीट तुमच्यासमोर फोडतात आणि सुई वापरून फेकून देतात तिथं जा. तेही शंभर टक्के बिनधोक नाही, पण निदान बोल्टचा रंग नसतो. आणि सुजलं, लाल झालं, ताप आला, तर दवाखान्यात जाऊन पहिल्या वाक्यात खरं सांगा. 'काही तरी चावलं' म्हणण्यात माझे जे दिवस गेले त्यांची किंमत दोन बोटं आहे.

मध्यंतरी लाइनवरच्या दोन नव्या मुली मला बसस्टॉपवर भेटल्या. एकीच्या मनगटावर ताजी खूण होती. आमच्या चौघींची फॅशन आमच्यामागे लाइनवर चालूच राहिली होती तर. मी बाही वर करून माझा हात दाखवला, सगळं सांगितलं. ती घाबरली, खरंच घाबरली. मग मैत्रिणीला म्हणाली, "बरं झालं बाई, आपण पांढरा वापरला."

मेडिकल

औषधं संपली. गाठी बसल्या. जंतू गेला असं डॉक्टर म्हणाले आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. 'हात वाचला' असं सगळेच म्हणायला लागले. सासूबाईंनी नारळ फोडला.

त्यानंतर कंत्राटदाराच्या माणसाचा फोन आला. काम वाढलंय, जुन्या बायका पाहिजेत, तेवढं मेडिकल करून घे. मी महिनाभर तयारी केली होती. कणीक, ओला पंचा पिळणं, ओवीचा चेंडू. घरी भरलेली कळशी उचलत होते. संतोषची लेथची जड किल्लीसुद्धा धरून बघितली होती आणि तो म्हणाला होता, "जमतंय की गं." मी पुन्हा चाकणच्या बसमध्ये बसले. ओढणी मनगटावरून घेतली होती.

कंपनीचे डॉक्टर वयस्कर, बोलायला गोड. वजन, बीपी, डोळे, सगळं झालं. हात पाहून त्यांनी च्-च् केलं, कसं झालं ते विचारलं नाही. मग त्यांनी स्वतःची दोन बोटं पुढे केली.

"ही धरा उजव्या हातात. आणि जोरात दाबा. माझी काळजी करू नका, होऊन जाऊ द्या."

मी धरली. लाइन, गन, बोल्ट, सगळं डोळ्यांपुढे आणलं. दात आवळले. खांद्यापर्यंत कळ गेली, कपाळावर घाम आला. डॉक्टर माझ्याकडे बघत, वाट बघत बसले होते.

"हं, करा सुरू," ते म्हणाले. "दाबा."

"सर," मी म्हणाले, "दाबतेच आहे."